टेस्ट चार मिनिटांची, धडधड तीन तासांची

मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि पहिल्याच टेस्टला नापास झाले. गाडी येत नव्हती असं नाही. महिनाभर रोज सकाळी सहाला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर बसत होते. बाजारपेठेतून रिक्षा, हातगाड्या, रस्त्यात ठाण मांडलेल्या गाई, सगळं चुकवत गाडी काढत होते. टेस्टच्या दिवशी साडेनऊला आरटीओच्या आवारात पोहोचले, नंबर लागला पावणेएकला. मधले तीन तास कडुनिंबाखाली उभी राहून इतरांच्या टेस्ट बघितल्या. कुणाची गाडी बंद पडली की माझ्या पोटात गोळा, कुणाला परत पाठवलं की घशाला कोरड. शेवटी गाडीत बसले तेव्हा डावा पाय क्लचवर शिलाई मशीनसारखा हलत होता. चढावर थांबवायला सांगितलं, थांबवली. पुन्हा निघताना गाडी हातभर मागे आली आणि विषय संपला. सगळा प्रकार चार मिनिटांचा.

दुसऱ्यांदा पास झाले. त्यानंतर जाऊबाई, भाचा, वरच्या मजल्यावरच्या काकू अशा सहा-सात जणांबरोबर मी सोबत म्हणून आरटीओत गेले आहे. दर वेळी एकच गोष्ट दिसली. ज्यांना गाडी येते आणि तरी जे नापास होतात, ते गाडीत बसायच्या आधीच नापास झालेले असतात. म्हणून या लेखात गाडी चालवण्यापेक्षा त्याआधीच्या दिवसांबद्दल आणि तासांबद्दल जास्त लिहिलं आहे. ज्यांचा हातच अजून बसलेला नाही त्यांनी आधी हात बसवावा. तिथे श्वासाचे व्यायाम कामाला येत नाहीत.

तारीख : शेवटची नको

शिकाऊ लायसन्स, म्हणजे आपलं 'लर्निंग', सहा महिने चालतं. ते मिळून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी सरकारच्या सारथी पोर्टलवर अपॉइंटमेंट घेता येते. म्हणजे हातात पाच महिने असतात. घाबरणारा माणूस या पाच महिन्यांचं काय करतो, तर "अजून थोडा हात बसू दे" म्हणत ढकलत ढकलत शेवटच्या पंधरवड्यावर आणतो. मग टेस्टची भीती वेगळी आणि लर्निंग संपायची भीती वेगळी. मी हेच केलं होतं.

नियम नीट माहीत असले की निम्मी भीती उतरते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. टेस्टचं शुल्क दर वाहनप्रकाराला ३०० रुपये आहे, तेवढं पुन्हा भरायचं. तीन वेळा नापास झाल्यावर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षण घ्यायची अटही कायद्यात आली आहे. आता गणित मांडा. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीची तारीख घेतली तर गरज पडल्यास दुसरी आणि तिसरी संधीही लर्निंगच्या मुदतीत बसते. "आज नाही तर कधीच नाही" हे जे छातीवर बसलेलं असतं, ते या गणिताने खाली उतरतं.

स्लॉट सकाळचा पहिला मिळत असेल तर तोच घ्या. कारण पुढे रांगेबद्दल लिहिलंय त्यात कळेल.

आणि तारीख सगळ्या गावाला सांगू नका. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. सकाळी दहापासून मावशी, आत्या, चुलतभाऊ सगळे "झालं का?" विचारतात आणि दर वेळी "नाही अजून" लिहिताना तुम्ही थोडे थोडे खचत जाता. एकाच माणसाला सांगा. बाकीच्यांना पेढे देताना कळेल.

गाडी कोणती

टेस्टसाठी गाडी आपणच न्यायची असते, स्वतःची किंवा ड्रायव्हिंग स्कूलची. इथे लोक हमखास एक चूक करतात. शिकतात स्कूलच्या जुन्या हॅचबॅकवर आणि टेस्टला नेतात भावजींची नवी गाडी, कारण ती "स्मूथ" आहे. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर धरतो. एकीत पाय जरा उचलला की गाडी निघते, दुसरीत पेडल जवळजवळ पूर्ण वर यावं लागतं. एरवी दोन-चार वेळा गाडी बंद पडून पायाला हा फरक कळला असता. टेस्टच्या दिवशी आधीच थरथरणाऱ्या पायाला नवीन क्लच शिकवत बसायला वेळ नसतो. ज्या गाडीवर शेवटचे दहा दिवस चालवलं तीच न्या. खटारा असली तरी.

स्वतःची नेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी मुदतीत आहेत का ते आठवडाभर आधी बघा, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. नियमाप्रमाणे ही पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला एल ऐन वेळी गळून पडतो, आणि तो शोधताना होणारी धावपळ मी पाहिली आहे.

गिअरलेस ऑटोमॅटिक चालेल का, असं पुष्कळ जण दबक्या आवाजात विचारतात. चारचाकीच्या लायसन्सवर आपल्याकडे गिअरची आणि ऑटोमॅटिक अशी फोड नसते, दोन्ही 'एलएमव्ही', म्हणजे हलकं मोटार वाहनच. दुचाकीला मात्र गिअरवाली आणि बिनगिअरची हे वेगवेगळे प्रकार आहेत, तेव्हा स्कूटरवर टेस्ट देऊन बुलेट चालवता येणार नाही.

मैदान आधी बघून या

हा सल्ला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात. टेस्टच्या आधी आठ दिवसांत एकदा कामाच्या दिवशी, त्याच वेळेला, टेस्ट जिथे होते तिथे जाऊन तासभर उभे राहा. गेट कुठलं, गाडी कुठे लावायची, रांग कुठून सुरू होते, कागद कोण बघतं, चढ किती उंच आहे, रिव्हर्सचा कप्पा किती रुंद आहे. आपल्या डोक्यातला चढ नेहमी सिंहगडाएवढा असतो, प्रत्यक्षात तो सोसायटीच्या पार्किंगमधल्या उतारापेक्षा फारसा मोठा निघत नाही.

टेस्ट सगळीकडे एकसारखी होत नाही, म्हणूनही बघायला हवं. पुण्यात चारचाकीवाल्यांना भोसरीजवळ नाशिक फाट्याच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर जावं लागतं. तालुक्याच्या गावी आरटीओचा कॅम्प ठरलेल्या तारखांना येतो आणि टेस्ट एखाद्या मोकळ्या मैदानात किंवा रस्त्यावर होते. शेजारणीने सांगितलेलं "आमच्या वेळी नुसतं सरळ जाऊन वळायचं होतं" हे तुमच्याकडे खरं असेलच असं नाही. एजंट म्हणतो, "काही काळजी करू नका मॅडम, टेस्ट नावापुरती असते." या वाक्यावर विसंबून गेलेल्या माणसाला खरी टेस्ट समोर दिसली की जो घाम फुटतो, तसा कुणालाच फुटत नाही.

२०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून रीतसर शिकून प्रमाणपत्र घेतलं तर आरटीओतली टेस्ट द्यावी लागत नाही, अशीही सोय झाली आहे. जवळ असं केंद्र असेल तर चौकशी करायला हरकत नाही. पण तिथेही शेवटी परीक्षा आहेच.

गप्प बसणारा साहेब

ड्रायव्हिंग स्कूलचे सर शेजारी बसले की अखंड बोलत असतात. "क्लच सोडा, हळू, रेस द्या, साइड दाखवा, अहो साइड!" महिनाभर तो आवाज हाच आपला आधार झालेला असतो. टेस्टला शेजारी इन्स्पेक्टर साहेब किंवा मॅडम बसतात आणि एकदा "चला" म्हणून गप्प होतात. त्या शांततेनेच अर्धी माणसं गडबडतात. सेन्सर आणि कॅमेऱ्याच्या ट्रॅकवर तर शेजारी बोलणारं कुणी असेलच असं नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यात खोटी टेस्ट घ्या. पक्कं लायसन्स असलेला कुणीतरी शेजारी हवाच, तो नियमच आहे. मी भाच्याची घेतली होती. मांडीवर वही, हातात पेन, तोंड बंद. सुरुवातीला फक्त "पुढून डावीकडे, मग चढावर थांबायचं, मग रिव्हर्स" एवढं सांगितलं आणि मधे मधे उगीचच वहीत खरडत राहिले. पहिल्या दिवशी मी पेन टेकवलं की त्याची नजर वहीकडे. "काय लिहिलंस मामी?" मी वाण्याची यादी लिहीत होते. तिसऱ्या दिवशी त्याने बघणं सोडलं. प्रत्यक्ष टेस्टला साहेबांनी काहीतरी लिहिलं तेव्हा त्याला तूरडाळ आठवली म्हणे.

या खोट्या टेस्टमध्ये मुद्दाम दोन गोष्टी घाला. एक, लोक बघत असताना चालवा. गावात क्रिकेटच्या मैदानाशेजारी, शहरात सोसायटीच्या गेटवर संध्याकाळी सातला, जिथे चार काका उभे असतात तिथे रिव्हर्स घ्या. काका "दाब, दाब, क्लच दाब" ओरडतीलच, आणि तेच आपल्याला हवंय. आपल्याला गाडीची भीती कमी आणि हसं होण्याची जास्त असते. दुसरी गोष्ट, गाडी मुद्दाम बंद पाडा. दहा वेळा. दर वेळी तोच क्रम करा : ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर, निघा. हात आणि पाय हे डोक्याला न विचारता करायला लागले पाहिजेत. टेस्टमध्ये गाडी बंद पडली तर डोकं दोन-तीन सेकंद रिकामं होतं. तेवढ्यात काम हातापायांनीच उरकायचं असतं.

साहेब नक्की काय बघतात? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात भली मोठी यादी आहे : आरसे लावणं, गिअर नीट बदलणं, चढावर मागे न घसरता पुन्हा निघणं, साइड दाखवण्याआधी आरशात बघणं, रिव्हर्स, डावी बाजू धरून चालवणं, पादचाऱ्याला आधी जाऊ देणं. चौक ओलांडण्यापूर्वी उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघावं इतकं बारीक लिहिलंय. चक्क प्रसंगावधान हवं असंही आहे. ही यादी एकदा शांतपणे वाचा. त्यात वेगाने चालवून दाखवा असं कुठेही नाही. घाबरलेला माणूस लवकर उरकावं म्हणून वेग घेतो, आणि उलट हळू चालवण्यात त्याचा फायदा असतो.

आदली रात्र आणि सकाळ

कागद रात्रीच पिशवीत भरा : मूळ लर्निंग, अपॉइंटमेंटची प्रिंट, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, गाडीचे कागद, एक पेन. दुचाकी असेल तर हेल्मेट. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास गाडी चालवा आणि थांबा. रात्री अकरापर्यंत रिव्हर्स घोटू नका.

कपड्यांचं आणि पायातल्याचं मी जरा जास्त बोलते, कारण त्याचा थेट संबंध पायाशी आहे. घसरणारी रबरी चप्पल, जाड तळव्याचे बूट, उंच टाच हे सगळं घरी ठेवा. ज्या चपला-बुटांत शिकलात तेच घाला. साडी नेसून शिकला असाल तर साडी चालेल, पण निऱ्या जरा वर खोचा. ओढणी पेडलकडे लोंबू देऊ नका.

पोट रिकामं ठेवू नका, तट्ट भरूही नका. पोहे, भाकरी, काहीतरी खाऊन निघा. चहा एरवी दोन कप घेत असाल तर एकच घ्या, आणि तिथल्या टपरीवर वेळ काढायला म्हणून तिसरा, चौथा कप नको. चहा-कॉफीने थरथर वाढते आणि लघवीला लागतं ते वेगळंच. कुणीतरी हमखास सांगतं की अमक्याने धडधड थांबायची गोळी घेतली होती. दुसऱ्याची गोळी घेऊ नका. अशा काही गोळ्या दम्याच्या माणसाला धोक्याच्या असतात, काहींनी गुंगी येते. धडधड एरवीही फार होत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

सोबत कुणाला न्यायचं, हाही प्रश्नच आहे. ज्याला गाडी सगळ्यात चांगली येते त्याला बहुतेक वेळा नेऊ नये. नवरा, थोरला भाऊ, वडील ही मंडळी प्रेमापोटी शेवटच्या मिनिटापर्यंत सूचना देतात. "मी सांगितलं होतं तसं, अर्धा क्लच..." जो माणूस शांत बसून शेंगदाणे खाईल तो उत्तम.

रांग

आता मुख्य भाग. पोहोचल्यावर कागद दाखवून आपल्या आधी साधारण किती जण आहेत ते विचारा. मग पहिल्या दोन टेस्ट नीट बघा : गाडी कुठून निघते, कुठे थांबायला लावतात, चढ कितव्या वळणाला, उतरायचं कुठे. एवढं डोक्यात बसलं की पाठ फिरवा. अक्षरशः फिरवा. झाडाच्या दुसऱ्या बाजूला जा. तिसरी, चौथी, दहावी टेस्ट बघून नवीन काही कळत नाही, फक्त दुसऱ्याच्या चुका आपल्या पायात उतरतात. मी तीन तास सलग बघत राहिले होते, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

रांगेत एक जण हमखास असतो, ज्याला सगळं माहीत असतं. "आजचे साहेब फार कडक आहेत, सकाळपासून सात जण घालवले." हा माणूस बोलायला लागला की पाणी प्यायच्या निमित्ताने सटका. त्याला स्वतःलाच भीती वाटतेय आणि ती तो वाटून टाकतोय, इतकंच.

आता शरीराकडे. भीती वाटली की शरीर पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, तळव्यांना घाम येतो, मोठ्या स्नायूंमध्ये ताण भरतो. पाय थरथरतो तो यामुळे, तुम्हाला गाडी येत नाही म्हणून नव्हे. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर शरीर हेच सगळं करतं, आणि तिथे आपण पैसे देऊन बसतो. "मी घाबरलेली नाही" असं स्वतःला बजावण्यात काही अर्थ नाही, कारण छाती उलटं सांगत असते. त्यापेक्षा "पाळणा सुरू झाला" म्हणा आणि पुढे चला.

या ताणाला वाट द्यायची सोपी रीत म्हणजे चालणं. पाच मिनिटं आवाराच्या भिंतीकडेने चाला. मग उभ्या उभ्या मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळा, पाच मोजा, एकदम सैल सोडा. चार-पाच वेळा. लोकांच्या लक्षातही येत नाही. श्वास घ्यायचा तर चार मोजेपर्यंत नाकाने आत आणि सात-आठ मोजेपर्यंत सावकाश बाहेर, गरम दुधावर फुंकर घालतो तसा. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके खाली येतात, ही शरीराचीच सोय आहे. फक्त हे टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आठवडाभर रोज झोपताना करा, म्हणजे त्या दिवशी दोन मिनिटांत जमतं.

तळव्यांसाठी सुती रुमाल ठेवा. नंबर जवळ आला की हात कोरडे करा. मोबाइल सोबत्याकडे द्या.

गाडीत बसल्यावर

पहिलं मिनिट सगळ्यात वाईट असतं. ते सवयीच्या कामात घालवा. दार, सीट, बेल्ट, आरसे, हँडब्रेक, न्यूट्रल, चावी. प्रत्येक गोष्टीला हात लावा आणि मनात नाव घ्या. आधीचा उमेदवार सहा फुटी असेल तर सीट मागे गेलेली असते. संकोचाने तशीच बसू नका, पुढे ओढा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आरसा हाताने हलवून लावा. साहेबांनाही तेच बघायचं असतं, आणि तेवढ्यात तुमचे दोन लांब श्वास होतात.

पाय थरथरतोय? टाच जमिनीला टेकवा आणि क्लच टाचेवरून सोडा. पाय हवेत लटकता ठेवला की थरथर दुप्पट होते. टाच टेकली की पायाला खुंटा मिळतो. माझं दुसऱ्या वेळचं पास होणं मी निम्मं या टाचेच्या नावावर लिहिते.

सूचना नीट ऐकू आली नाही तर विचारा. "साहेब, डावीकडे म्हणालात ना?" यात कमीपणा नाही. न विचारता उजवीकडे वळणारे मी दोघे पाहिले आहेत. भीतीने नजर समोरच्या एका ठिपक्यावर खिळते आणि आरसे आपोआप विसरले जातात. म्हणून वळणाआधी ओठांतल्या ओठांत "आरसा, साइड, मान" असं म्हणायची सवय लावून घ्या. भाचा मोठ्याने म्हणाला. साहेब हसले, बाकी काही नाही.

चूक झाली तर "सॉरी सर, सॉरी सर" करत बसू नका. पहिल्या चुकीपेक्षा तिच्याबद्दल विचार करताना झालेली दुसरी चूक जास्त महागात पडते.

चढ, रिव्हर्स आणि आठ

चढावर ब्रेक दाबून थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. आता घाई नाही, गाडी कुठे जात नाही. पहिला गिअर टाका, उजवा पाय रेसवर न्या आणि थोडी, अगदी एका सुरात रेस द्या. क्लच हळूहळू सोडायला लागा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेटचं नाक किंचित वर येतं. तो अर्धा क्लच. तिथे डावा पाय गोठवा. एक मोजा. आता हँडब्रेक खाली सोडा. गाडी मागे न येता पुढे सरकते. घाबरलेला माणूस नाक वर यायच्या आधीच हँडब्रेक सोडतो. मी तेच केलं होतं. घराजवळच्या कुठल्याही चढावर हे वीस-पंचवीस वेळा करा, डोळ्यांपेक्षा कानाने शिका.

रिव्हर्सला भीती वाटते कारण स्टिअरिंग उलटं वाटायला लागतं. उपाय वेग कमी करणं हाच. अर्धा क्लच, रेस जवळपास नाही, गाडी गोगलगायीसारखी. एकाच आरशाकडे टक लावू नका. डावा, उजवा, मागची काच, पुन्हा डावा.

दुचाकीवाल्यांचा वैरी म्हणजे इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवणं. पाय टेकला की गेलं, म्हणून नजर पायाकडे आणि पुढच्या चाकाकडे जाते, आणि नजर जिथे जाते तिथेच गाडी जाते. हनुवटी उचला, वळणाचा पुढचा भाग बघा. रेस एकसारखी धरून मागचा ब्रेक अगदी हलका लावून ठेवा. स्कूटरला तो डाव्या हातात असतो, मोटरसायकलला उजव्या पायाखाली, आणि तिथे जोडीला अर्धा क्लच. ब्रेकने वेग धरला की गाडी डगमगत नाही. खांदे सैल. हँडल आवळून धरलं तर आठाचा चौकोन होतो.

काही ठिकाणी हाताचे इशारे किंवा चिन्हं विचारतात. सगळे इशारे उजव्या हाताचे : उजवीकडे जायचं तर हात सरळ बाहेर, डावीकडे जायचं तर बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, वेग कमी करताना तळवा खाली करून हात वर-खाली, थांबताना कोपरातून हात उभा. चिन्ह आठवलं नाही तर आकारावरून सुरुवात करा. त्रिकोण म्हणजे सावधानतेचं, गोल म्हणजे आदेशाचं, निळा चौकोन म्हणजे माहितीचं. एवढं बोलायला लागलं की पुढचं बहुतेक वेळा आठवतं.

निकालानंतर

नापास झालात तर निघण्यापूर्वी नम्रपणे विचारा, "साहेब, कशात कमी पडलं?" बहुतेक जण एका वाक्यात सांगतात. ते तिथेच कागदावर लिहा, कारण घरी पोहोचेपर्यंत तुमचं मन "सगळंच चुकलं" असं सांगायला लागतं. माझ्या कागदावर "चढ" हा एकच शब्द होता. पुढचे दहा दिवस मी फक्त चढ केला. दुसऱ्याच दिवशी पुढची अपॉइंटमेंट बघा. महिना गेला की पुन्हा पहिल्यापासून भीती.

पास झालात तर लगेच गाडी चालवत घरी निघू नका. ताण उतरतानाही हातपाय कापतात, कधीकधी टेस्टपेक्षा जास्त. वीस मिनिटं बसा, वडापाव खा, त्या एका माणसाला फोन करा. लायसन्स तयार झाल्याचा मेसेज येईपर्यंत एल काढू नका. कार्ड नंतर पोस्टाने घरी येतं, पत्ता नीट भरला असेल तर. आमच्या जाऊबाई अतिशय सुंदर टेस्ट देऊन पास झाल्या, आनंदात गेटबाहेर गाडी रिव्हर्स घेतली आणि एका उभ्या स्कूटरला टेकवली. स्कूटरचा मालक रांगेत होता, त्याचा नंबर अजून यायचा होता. त्याने आरसा सरळ केला, म्हणाला, "जाऊ द्या ताई, मला फक्त एवढं सांगा, साहेब कडक आहेत का?"